पक्क्यांच्या यादीत

खेळानं माणूस ताजातवाना होतो म्हणतात. मी त्या एका खेळानं जेवढी दमले तेवढी बदल्यांनीही दमले नाही, आणि बदल्यांचा मला भरपूर अनुभव आहे. नवरा हवाई दलात. लग्नाला नऊ वर्षं झाली तोवर चार गावं झाली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं काळ्या लोखंडी पेट्यांत. पेटीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा हुद्दा, नाव आणि गाव. गाव बदललं की जुन्या गावावर काळा रंग फासायचा आणि वर नवं लिहायचं. चंदीगड लिहिलं तेव्हा थरावर थर चढून ती जागा बोटाला फुगीर लागायची.

चंदीगडला आमच्या क्वार्टरमध्ये ब्रॉडबँड आलं. तेव्हा ही मोठी गोष्ट होती. त्याआधी फोनची तार काढून संगणकाला लावायची, तो मिनिटभर किंचाळायचा, आणि नेमका त्याच वेळी आई कराडहून फोन लावत बसायची. आता तसं काही नव्हतं. नवरा सकाळीच निघून जायचा. मूल नव्हतं, त्याबद्दल सगळ्यांचं विचारून झालं होतं. बी.एड. केलेलं होतं, पण दोन-अडीच वर्षांत जाणाऱ्या बाईला कुठली शाळा कायम करते? लेडीज मीटला गेले की मी अमक्यांची मिसेस. माझं नाव काय, हे त्या दोन वर्षांत मला तिथं कुणी विचारल्याचं आठवत नाही.

नवऱ्याच्या हाताखालच्या एका तरुण ऑफिसरनं बदली होऊन जाताना त्या खेळाची सीडी मला दिली. "मॅडम, टाइमपास है." इंटरनेटवरून खेळायचा खेळ होता. आपण एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, आणि दुसऱ्या माणसांच्या पात्रांबरोबर टोळी करून राक्षस मारायला जायचं. मी हीलर झाले. हीलरनं लढणाऱ्यांच्या मागं उभं राहायचं आणि ज्याला मार बसेल त्याला बरं करत सुटायचं. म्हणजे घरचंच काम. फरक इतकाच की इथं कानातल्या हेडफोनवर कुणीतरी माझ्या पात्राचं नाव घेऊन ओरडायचं, "बचा लो!" आणि वाचवलं की थँक्यू म्हणायचं.

आमची टोळी वीसेक जणांची. म्होरक्या एक सरदारजी, पंचेचाळीशीचे. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचं युनिट होतं. सहाला मशिनं बंद झाली की ऑफिसातल्या संगणकावर बसायचे. सगळे त्यांना पाजी म्हणत, पंजाबीत मोठा भाऊ. कारखाना चालवावा तशीच टोळी चालवायचे. सातला हजेरी, सातच्या ठोक्याला. टोळीचं एक वेबपान होतं आणि त्यावर दोन याद्या. एक हार्डकोर, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस सात ते नऊ हलणार नाहीत असे. दुसरी कॅज्युअल, म्हणजे जमेल तसं येणारे, अर्ध्यात उठणारे. लहानपणी आम्ही ज्याला कच्चं लिंबू म्हणायचो ते हे. खेळायला घ्यायचं, पण धरायचं नाही.

मी चार महिने कच्चं लिंबू होते. कुकरची शिट्टी झाली, उठले. दारावर धोबी आला, उठले. टोळीतली पोरं मोठ्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायची, पण मेलेल्या राक्षसाच्या अंगावरून एखादं चांगलं हत्यार पडलं की ते कुणाला द्यायचं यात माझा विचारही कुणी करायचं नाही. हे मला इतकं लागलं की आज सांगतानाही हसू येत नाही. मग मी ठरवलं, दाखवतेच. संध्याकाळचा स्वयंपाक साडेपाचलाच उरकायला लागले. नवरा डब्यातल्या गार पोळ्या एकटा खाऊ लागला. लेडीज मीटला डोकं दुखायला लागलं. मी पाच दिवस बसायची, सहाव्या दिवशीही बसायची. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, मजा तर केव्हाच संपली होती. पण एका सोमवारी पानावर माझं नाव हार्डकोरच्या यादीत चढलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या कमाईनं मी कुठंतरी पक्की झाले होते.

आणि सासुरवास भोगलेली सून सासू झाली की कशी वागते, तसंच माझं झालं. कॅज्युअल लोकांवर माझ्याइतकं तोंड कुणी टाकत नसे. 'ज्यांना घड्याळ बघून उठायचं असतं त्यांनी भारी वस्तूंची आशा धरू नये,' असं मीच पानावर लिहिलं होतं. पाजींनी खाली लिहिलं, "बिलकुल सही."

ते मी कुणाला लिहिलं होतं हे सगळ्यांना कळलं होतं. टोळीत माझ्याशिवाय आणखी एकच हीलर होती. चंदीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. तिच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान. पलीकडच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत ती बसायची, आणि साडेआठला वडील दुकानाचं शटर ओढून तिला न्यायला यायचे. राक्षस मरायला टेकलेला असो नाहीतर आपण मरायला टेकलेलो असू, साडेआठला ती "सॉरी, पापा आ गए" म्हणायची आणि तिचं पात्र जागच्या जागी नाहीसं व्हायचं. खेळायची मात्र सुरेख. मी घाबरून सगळ्यांवर उपचार उधळायची. ती थांबायची, बघायची, आणि नेमक्या माणसाला नेमक्या क्षणी वाचवायची. मला दीदी म्हणायची. पाजींनी एकदा सगळ्यांना युनिटवर चहाला बोलावलं होतं तेव्हा भेटली होती. बारीकशी, वेणी घातलेली. माझ्या शेजारीच बसून राहिली, आणि निघताना माझा कपही तिनंच उचलला.

हीलरसाठी त्या खेळात एक काठी होती. शेवटच्या मोठ्या राक्षसाच्या अंगावरून क्वचित पडायची. आम्ही पाच महिने तिच्यामागं होतो. त्या काठीची गंमत अशी की एकदा ज्याच्या हातात गेली त्याला ती चिकटते. दुसऱ्याला देता येत नाही, परत करता येत नाही, मालक खेळ सोडून गेला तर काठीही गेली. म्हणूनच यादीचा नियम होता. काठी पक्क्याला द्यायची, कारण तो उद्याही येणार. कच्च्याचा काय भरवसा?

एका सोमवारी दुपारी नवरा जेवायला आला आणि हात धुता धुता म्हणाला, "आली ऑर्डर." ईशान्येकडचं एक लहानसं ठाणं. पाच आठवड्यांत हजर व्हायचं. मी पहिला प्रश्न विचारला, "तिकडं ब्रॉडबँड?" तो हसला. म्हणाला, "अगं, तिकडं फोन लागला तरी सत्यनारायण घालू."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझ्या त्या लोकांना सांगून टाक." मी "सांगते" म्हणाले. सोमवारी नाही सांगितलं. मंगळवारी पाजींनी विचारलं, "सब ठीक जी?" मी ठीक म्हणाले. खरं सांगायचं तर मला यादीतून नाव गेलेलं बघायचं नव्हतं. सांगितलं असतं त्याच दिवशी पाजींनी ते खाली उतरवलं असतं. नियमच तसा, आणि त्या नियमाची सगळ्यात मोठी भक्त मीच.

गुरुवारी तो राक्षस पडला. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. मी दोन वेळा चुकले होते आणि दोन्ही वेळा त्या मुलीनं सावरून घेतलं होतं. राक्षस कोसळला, सगळे हेडफोनमध्ये ओरडले, आणि खाली काठी चमकत होती.

पाजी म्हणाले, "दो हीलर हैं. बोलो." मी तोंड उघडलं नाही. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. बदली मी विसरले नव्हते. पाच आठवड्यांनी ही काठी माझ्या पात्रासकट बंद संगणकात पडणार, हे मला स्वच्छ ठाऊक होतं. तरी वाटत होतं की ही मला मिळाली पाहिजे. मी गार पोळ्या वाढल्या, मान मोडून घेतली, ही माझी आहे.

मुलगीच आधी बोलली. "पाजी, इसमें पूछना क्या. दीदी पक्की हैं. मेरा तो आपको पता ही है." मग साडेआठ व्हायला अवकाश असतानाच ती सॉरी म्हणाली आणि नाहीशी झाली. पाजींनी काठी माझ्या नावावर केली. पदरात पडलं आणि पवित्र झालं, म्हणून मी ती घेतली. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, "आणि बदलीचं सांगितलंस?" मी नाही म्हणाले. तो वर्तमानपत्र उचलून दुसऱ्या खोलीत गेला.

पुढचे तीन आठवडे मी ती काठी घेऊन सातला हजर राहत होते. एक दिवसही चुकवला नाही. चोराच्या मनात चांदणं. कुणी साधं "दीदी, अगले महीने" असं काही म्हणालं तरी मी घाईनं विषय बदलायची. काठी होतीच तशी, तिच्यामुळं माझे उपचार दुप्पट लागू पडायचे, आणि मुलगी दर वेळी कौतुक करायची. "वाह दीदी." ते सगळ्यात वाईट होतं.

शेवटी पेट्या बाहेर निघाल्या, आणि संगणक खोक्यात घालायच्या आदल्या दिवशी मी पाजींना फोन केला. ऑर्डर आल्याचं सांगितलं. ते "ओहो जी" म्हणाले, कुठं, केव्हा, थंडी असते का, सगळं विचारलं. मग मी काठी पडायच्या आधी तीन दिवस मला माहीत होतं हेही सांगितलं. मागं मशिनचा आवाज चालू होता. मग ते म्हणाले, "कोई गल्ल नहीं जी. पर कुड़ी नूं तुसी आप दस्सो." काही हरकत नाही, पण मुलीला तुम्ही स्वतः सांगा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रिक्षानं मनीमाजऱ्याला गेले. तिला कॅफेवर फोन करून बोलावलं होतं. बाजाराच्या तोंडाशी ती उभी होती, वह्या छातीशी धरून. चहावाल्याच्या बाकावर बसलो. मी फार घोळ घातला नाही. बदली झाली, परवा निघतोय, आणि काठी घेतली त्या दिवशी हे मला माहीत होतं, असं सांगून टाकलं. वाक्यं मी रिक्षात पाठ केली होती. त्यांच्या शेवटी माफीचं जे वाक्य होतं ते आलंच नाही.

तिनं विचारलं, "पक्का पता था?"

"हो," मी म्हणाले. मग हिंदीत, "हाँ. सोमवार से."

ती रडेल, नाहीतर चिडेल, असं मला वाटलं होतं. दोन्हींची माझी तयारी होती. ती चहाकडे बघत म्हणाली, "उस दिन मैंने पापा को बोला था कि प्रैक्टिकल का काम है, नौ बजे लेने आना. सोचा था आज गिरी तो माँग लूँगी. एक बार तो माँगूँगी." मग म्हणाली, "फिर लगा, मैं तो आधे में उठ जाती हूँ. दीदी तो कल भी आएँगी."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला परत काहीतरी बोलता आलं असतं. माझा हात तिच्या वह्यांवर गेला, आणि तसाच मी तो मागं घेतला.

"और कितने महीने लगेंगे दूसरी गिरने में?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"पता नहीं. गिरेगी." ती उठली. चहाचे पैसे तिनं मला देऊ दिले नाहीत, मी पाहुणी म्हणून. "दीदी, पौने सात हो गए. अब हीलर मैं अकेली हूँ, लेट नहीं हो सकती." आणि "अच्छे से जाना" म्हणून ती भराभर कॅफेच्या गल्लीत शिरली. समोर येऊन थांबलेला एक रिक्षावाला मला कुठं जायचं ते विचारत होता.