मेन बंद आहे ना?

फ्रिजला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा आधी मला वाटलं आपला भास असेल. पावसाळ्यात रत्नागिरीत सगळंच ओलं असतं. चिऱ्याच्या भिंतींनाही घाम सुटलेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजचं दार उघडताना कोपरापर्यंत झटका बसला. मी फोन केला तो वायरमनला.

"ताई, अजून लाकडी पट्ट्यांचं फिटिंग आहे ना तुमच्याकडे? त्याला मी हात लावत नाही," तो म्हणाला. "सगळं काढून नवीन करायचं असेल तर गणपतीनंतर येतो."

बाबा पडवीत बसून ऐकत होते. ते फिटिंग त्यांनी उमेदीत, शाळेतली नोकरी सांभाळून, स्वतः केलेलं. वाडीत कुणाचा फ्यूज उडाला की माणूस आमच्याकडे येई. बाबा पक्कड आणि तारेचं भेंडोळं खिशात टाकून निघत. पण आई गेल्यापासून त्यांना आठवेनासं झालं होतं. जेवले की नाही, हेसुद्धा विचारायचे.

"त्याला कशाला बोलावतेस? मी बघतो," ते उठलेच.

त्यांना स्टुलावर चढू देणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही खुर्चीत बसून सांगा, मी करते."

त्यांना ते पटलं. चेहऱ्यावर जुनी तरतरीही आली. "आधी मेन पाडतो," म्हणून ते पडवीत मीटरबोर्डाकडे गेले. खट्कन आवाज आला. परत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. "पाडला. आता फ्रिजच्या बोर्डाचे चार स्क्रू काढ. घाई नको."

मी स्टुलावर चढून झाकण काढलं. आत लाल आणि काळ्या तारा, वरचं रबर बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं. लाल तार उघडी पडून आर्थिंगच्या तारेला टेकली होती.

"मेन बंद आहे ना?" मी विचारलं.

"अगो बाय, आत्ता माझ्या हाताने पाडला."

पक्कड पुढे केली, आणि काय वाटलं कोण जाणे, ती ठेवून टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

मी स्टुलावरून उतरले. पडवीत जाऊन पाहिलं, तर मेनचा दांडा वरच होता, मेन चालूच. बंद झाला होता तो शेजारच्या बटणावरचा पडवीतला बल्ब.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. "मग मी काय पाडला?" त्यांनी विचारलं.

"दांडा सैल झालाय. आपोआप वर आला असेल."

त्यांनी दांडा चाचपून पाहिला. "मेन आपोआप वर येत नाही," ते म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले.

मी स्वतः मेन पाडला. तारा सोडवून त्यांची टोकं टेपने गुंडाळली. मधे मधे मी विचारत होते, बाबा नीट सांगतही होते. "आर्थिंगही गेलंय. नाहीतर फ्यूज उडाला असता, तुला झटका बसला नसता." त्यांना कारण माहीत होतं. दोन मिनिटांपूर्वी हाताने काय केलं, ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी कामावर जाताना शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगते, आणि तरी दुपारी दोनदा फोन करते.

गणपतीनंतर सगळं फिटिंग नवीन झालं. पट्ट्या निघत होत्या तेव्हा बाबा आत पडून राहिले. एकदाही बाहेर आले नाहीत. आता भिंतीवर पांढरी पेटी आहे, काही बिघडलं की तिच्यातलं बटण आपणहून खाली पडतं.

गेल्या महिन्यात सकाळी ते असंच पडलं. मी वर केलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा बोट लावणार, तोच पडवीतून बाबा मोठ्याने म्हणाले, "वर करू नकोस! का पडलं ते आधी बघ. एकेक पिन काढत जा."

एकेक पिन काढत मिक्सरपर्यंत आले. त्याची वायर भांड्यांच्या मांडणीखाली चेपून फाटली होती. त्याची पिन काढली आणि बटण वर राहिलं. पंखा फिरू लागला.

सांगायला पडवीत गेले, तर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "लाइट कधी गेली गो?"