हिरव्या पाल्यातल्या टोप्या

आमच्या वावरात रानडुकरांचा भारी त्रास. म्हणून ह्यांच्याकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नळीतून दारू ठासायची, मागं हरभऱ्याएवढी, आत भडकणारा मसाला असलेली तांब्याची टोपी बसवायची. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी, नि बार. बार हवेतच काढायचा, डुकरं पळाली म्हणजे झालं. टोपी पेटली नाही तर ती बंदूक नुसतं लाकूड.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. गेल्या निवडणुकीत टोप्यांची डबी तेवढी घरात राहिली. एरवी ती कोनाड्यात, कोरडी ठणठणीत. पण मला मेलीला साफसफाईचा किडा! टिकवायची वस्तू कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची, हे सासूबाईंनी शिकवलेलं. ज्वारी, तूर, लुगडी, सगळं. मग डबीतही हिरवागार पाला कोंबला नि झाकण घट्ट लावलं. तांब्याला काय कीड लागणार होती, सांगा!

बंदूक परत आली तेव्हा हरभरा घाट्यांवर होता. डबी उघडली तर पाला ओल सुटून कुजलेला, टोप्यांवर हिरवट बुरा. ह्यांची बोलणी खायच्या भीतीनं जुन्या धडप्यानं एकेक टोपी घासून चकाचक केली.

"टोप्या बराबर हायेत ना?" ह्यांनी विचारलं.

"त्याहिले काय झालं? तशाच हायेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हे वावरात गेले. सोबत चुलतदीर होते, त्यांनीच मग सांगितलं. डुक्कर समोर आलं, ह्यांनी चाप ओढला, नुसतं टक्. दुसरी टोपी बसवली, पुन्हा टक्. तिसरी बसवेपर्यंत डुकरानं ह्यांची मांडी फाडली.

वर्ध्याच्या दवाखान्यात चौदा टाके पडले. भेटायला येणारा जो तो ह्यांनाच बोले, "जुन्या टोप्या काऊन वापरल्या?" हे मान खाली घालून म्हणत, "गलती माहीच हाय." मला ऐकवेना. टोप्या जुन्या होत्या, खरं. पण कोरड्या राहिल्या तर त्या वर्षानुवर्षं चालतात, हे ह्यांनीच मला सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी मी एका दमात सगळं ओकून टाकलं. पाला, बुरा, घासणं, नि खोटं बोलले तेही.



हे म्हणाले, "घासतानी एखादी फुटली असती तं? बोटं गेली असती ना तुही."

नि माझा हात हातात घेऊन एकेक बोट पाहू लागले. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या हो. मी तिथंच ढसाढसा रडले.