कुरीवरची नजर

कुरी पास झाली आणि हिसानो नापास.

असाही निकाल लागू शकतो, हे हिसानो कुवाबाराला ठाऊक नव्हतं. तिच्या कुत्रीनं, कुरीनं, सगळं नीट केलं होतं. पाठीमागे कुणीतरी कुबडी धाडकन पाडली, तेव्हा तिनं फक्त एक कान वळवला. वाटेत टाकलेला सुक्या मासळीचा तुकडा ती ओलांडून गेली. अनोळखी माणसानं पंजे दाबून पाहिले, तेही तिनं सोसलं. शेवटची पायरी व्हीलचेअरची होती. खुर्चीत एक परीक्षक बाई आजी बनून बसल्या होत्या. हिसानो त्यांच्यासमोर थांबली, पाय जुळवले, हात मांड्यांवरून खाली सरकवत कमरेतून वाकली. तेवढ्यात ‘आजीं’नी कुरीची मान घट्ट आवळली. कुरीनं नाक चाटलं, तोंड फिरवलं, अंग मागे ओढून घेतलं. हिसानो सरळ झाली तेव्हा कुरी तिच्या टाचांमागे दडली होती.

“कुवाबारासान, तुम्ही कुठे बघत होता?” निकाल सांगताना आकुत्सु सेनसेईंनी विचारलं. कुत्र्यांना मालकांसकट आजारी-वृद्धांच्या भेटीसाठी तयार करणारा वर्ग त्याच चालवायच्या.

“खाली. जमिनीकडे.”

“काय होतं तिथे?”

हिसानोनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “काही नाही. फरशी छान पुसलेली होती.”

मागे बसलेले, वर्गातलेच कानबे खुसखुसले. सेनसेई हसल्या नाहीत. “कुत्र्याला ‘आता पुरे’ म्हणता येत नाही. ते नाक चाटतं, जांभई देतं, मान वळवतं. ते बघायला तुम्ही असता. तुम्हीच बघितलं नाहीत तर तिनं कुणाला सांगायचं? आता पुढची परीक्षा शरदात.”

हिसानोची उभी हयात गरम झऱ्यावरच्या एका पाहुणघरात गेली होती. सकाळी अंथरुणं उचलायची, संध्याकाळी ताटं मांडायची, आणि निघालेल्या पाहुण्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात वाकून उभं राहायचं. तिचं वाकणं फार सुरेख, असं जुने पाहुणे सांगत. पाहुणघर बंद पडलं, नवरा आधीच गेला होता, आणि मासळी बाजारामागे सापडलेलं तांबूस पिल्लू तिच्या घरी आलं.

पाहुणघराच्या मालकीणबाई, ओकामीसान, आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात होत्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्या जवळजवळ बोलतच नव्हत्या. वसंतात एकदा हिसानो कुरीला घेऊन आश्रमाच्या बागेच्या कुंपणाशी गेली, तेव्हा ओकामीसाननी गजांतून हात बाहेर काढला, कुरीच्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं, “हिचं जेवण झालं का?” नर्स धावत आली. कित्येक महिन्यांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या.

पण प्रमाणपत्राशिवाय कुत्रा इमारतीत येणार नाही, हा आश्रमाचा नियम. आणि बर्फ पडायला लागलं की ओकामीसानना बागेत आणणं बंद. शरदातली परीक्षा हुकली तर सगळा हिवाळा कोरडा जाणार होता. नव्वदीला टेकलेल्या बाईच्या बाबतीत पुढच्या वसंताचा हिशेब हिसानोला मांडवत नव्हता.

उन्हाळाभर तिनं न वाकण्याचा सराव केला. वाण्याच्या दुकानात ती ताठ उभी राहून नुसतं “नमस्कार” म्हणाली, तर वाणीणबाईंनी विचारलं, “पाठ धरलीय का हो?” शेजारीण दुसऱ्या शेजारणीला म्हणाली, हिला हल्ली शिंगं फुटलीत. वर्गात मात्र समोर व्हीलचेअर आली की तिची कमर आपोआप मोडायची.

“अहो, तुम्ही फोनवर बोलतानासुद्धा वाकता,” कानबे म्हणाले. जन्मभर घाटात बस चालवलेला माणूस, आता त्याच्याजवळ एक भला मोठा काळा पूडल होता. “मघाशी बघत होतो. पलीकडे कोण होतं, राजा?”

“पाण्याचं बिल घेणारा.”

“बघा! आता ऐका. घाटात समोरून दुसरी बस आली की आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो. कसा? हात असा जरा वर. डोळे रस्त्यावर. मी त्याला तुमच्यासारखा नमस्कार केला असता ना, तर सगळे प्रवासी दरीत.”

“पण तो रागवायचा नाही?”

“तो काय रागावतोय! त्याचेही डोळे रस्त्यावरच.”

हिसानो त्यावर हसली, पण घरी जाताना तेच घोळवत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात एक खुर्ची मांडली, कुरीला शेजारी घेतलं आणि खुर्चीच्या बाजूला गुडघे टेकून बसून पाहिलं. खाली बसल्यावर वाकायला जागाच उरत नव्हती. मान जरा झुकवली तरी कुरीचा चेहरा समोर राहत होता. रिकाम्या खुर्चीला ती रोज असा नमस्कार करू लागली. कुरी कंटाळून झोपायची.

शरदातल्या परीक्षेत ‘आजीं’नी कुरीचा कान ओढला. हिसानोनं त्यांच्या हाताखाली आपला तळवा सरकवला आणि म्हणाली, “तिला पाठीवर आवडतं, इथे.” सेनसेईंनी मान डोलावली. कुरीच्या लसींचे दाखले तपासून झाले, आणि दोघींचा एकत्र फोटो असलेलं ओळखपत्र हिसानोच्या गळ्यात आलं.

पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात दोघी आश्रमात गेल्या. ओकामीसान खिडकीशी होत्या. हिसानो त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली, मान जराशी झुकवली.

ओकामीसाननी तिच्याकडे पाहिलं.

“हिसानो,” त्या म्हणाल्या, “हा काय नमस्कार झाला?”

नर्सनं तोंडावर हात धरला. हिसानोचे कान तापले. सगळं अंग खाली जाऊ पाहत होतं. “चुकलं, ओकामीसान,” ती म्हणाली, आणि डोळे कुरीवरून हलवले नाहीत.

ओकामीसाननी कुरीच्या मानेवरच्या दाट केसांत बोटं घातली. कुरी आधी टेकून उभी राहिली. खोली गरम होती, हीटरचा वास येत होता. हळूहळू बोटांची मूठ झाली. कुरीनं जांभई दिली. मग नाक चाटलं.

हिसानोला वाटलं, अजून थोडं राहू दे. ओकामीसानच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी होतं. जिला आयुष्यभर ‘हो’ सोडून काही म्हटलं नव्हतं, तिला आजच नाही कशाला म्हणायचं? कुरीनं मान वळवली.

“ओकामीसान, आज एवढं पुरे.”

“मी कुठे उठतेय?”

“तुम्ही बसा. कुरी निघतेय.”

“एवढ्यात? काही खाल्लंही नाही.”

“पाहुणी दमलीय, ओकामीसान.”

मूठ तशीच राहिली. नर्स पुढे आली, पण हिसानोनं तिला नजरेनं थांबवलं. मग एकेक बोट सुटलं. ओकामीसाननी हात मांडीवर घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं. रागावल्या की विसरल्या, हे त्यांच्या पाठीवरून कळेना.

बाहेर व्हरांड्यात कुरीनं नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. ते पुरतं होईपर्यंत हिसानो पट्टा सैल धरून उभी राहिली, मग नर्सला पुढच्या आठवड्याची वेळ विचारायला गेली.