आधी उघडून बघू

विलास गेल्याचा फोन पुण्याहून आला, तेव्हा मी बारामतीच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्येच होते. महिना उलटला, तरी त्याच्या खुर्चीवर मी कुणाला बसू देत नाही. वेडेपणा आहे, असू दे. विलास आमचा कॉम्प्युटरवाला. कळस गावचा, मेंढपाळाच्या घरातला. घाई म्हणून त्याला ठाऊक नव्हती, आणि मी पडले तापट. रोज खटके उडायचे.

पेशंटचं स्कॅन परक्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून कॉम्प्युटरवर कुलूपबंद करूनच पुण्याच्या हॉस्पिटलला जायचं. उघडी फाईल तिकडचे डॉक्टर घेतच नसत. जुन्या प्रोग्रॅममध्ये कुलूप लावायचं काम प्रोसेसरचा एकच भाग करायचा, बाकीचे नुसते बसून, म्हणून फार वेळ लागायचा. विलासनं फाईलचे तुकडे पाडून सगळ्यांना एकदम कामाला जुंपायचा घाट घातला होता. तो पुरता जमलाही नव्हता, तोच त्याच्या आईला घेऊन आले... डोक्यात रक्तस्राव. स्कॅन झालं आणि अ‍ॅम्ब्युलन्स पुण्याकडं निघाली. ती पोचायच्या आत स्कॅन डॉक्टरांपुढं हवं होतं, तरच ऑपरेशनची तयारी वेळेत होणार होती.

विलासनं नवा प्रोग्रॅम लावला. बघता बघता काम झालं. मी म्हटलं, "पाठव लवकर."

"थांबा ताई. आधी उघडून बघू."

"अरे, आई वाटेत आहे तुझी."

त्यानं उघडलं. कवटीचा वरचा भाग खाली, खालचा मध्ये. जो तुकडा आधी तयार झाला, तो आधी चिकटला होता. जुनाच प्रोग्रॅम लाव म्हणून मी त्याच्या अंगावर ओरडले.

"जुन्यानं आई पोचंल, स्कॅन न्हाय पोचायचं," तो म्हणाला. "आबा मेंढरांच्या अंगावर खुणा करायचे, ताई. कुठलंबी आधी येऊ दे, खूण बघून लावायचं." त्यानं प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. पुन्हा कुलूप, पुन्हा उघडणं. चित्र अखंड होतं. मगच पाठवलं. आई वाचली. आज ती कळसला लेकाच्या फोटोपुढं बसलेली असते.

यंदा विलासचंच डोकं दुखायला लागलं. स्कॅन मीच केलं, आणि पडद्यावर गाठ दिसली. त्याच्याच प्रोग्रॅमनं कुलूप लावलं, आणि उघडून बघायचा धीर होईना. चित्र मोडकं निघावं, काहीतरी चुकलेलं असावं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बाहेरच्या बाकावरून त्यानं विचारलं, "ताई, उघडून बघितलं का?"

उघडलं. सगळे तुकडे जागच्या जागी होते.