मेंढरांवरचा आळ

मी मुबीन. सिरसाळ्यात माझं गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय. लोकांच्या भांडणात मी पडत न्हाई. पण साखरामावशीच्या भांडणात पडलो, आन् लई बरं केलं.

मावशी मेंढरं राखते. उन्हाळ्यात शेतकरी तिचा कळप रातच्याला आपल्या रानात बसवून घेतात, लेंडीखतासाठी. तिचं पोट त्याच्यावरच.

यंदा अर्जुनरावाच्या डाळिंबाला मर लागली. हिरवीगार झाडं उभ्या जागी वाळली. त्यानं भर बाजारात बोंब ठोकली, "हिच्या लेंड्यांनी रोग आणला!" झालं! एकेकानं मेंढरं बसवायचं बंद केलं.

दुसरी रडली असती. ही तिथंच कडाडली, "माझ्या मेंढरांनी आणला आसंल तर कळप इकते! पण आधी माती तपासा."

"तपास की! तुझंच तोंड काळं व्हईल."

अर्जुनरावाच्या देखतच तिनं माती भरून घेतली. मेंढरं बसलेल्या बागेतली, आन् त्यानं नांग्या भरायला, म्हंजी वाळलेल्या झाडांच्या जागी लावायला, बागेच्याच रोपवाटिकेतून आणून ठेवलेल्या रोपांच्या पिशवीतली. त्या रोपांना मेंढरू शिवलंच नव्हतं. तिसरी माती तिच्या वाड्यातली, जिथं मेंढरं एरवी बसतात. मी तिला गाडीवर प्रयोगशाळेत घेऊन गेलतो.

तिथल्या उज्ज्वला मॅडम म्हणल्या, मर बुरशीनं लागती, मातीतून तिचा डीएनए काढायचा आन् करोनात नाकातलं तपासायचे तसल्याच यंत्रात घालायचा. डोळ्याला न दिसणारी बुरशीबी घावते. मी मनात म्हणलं, वाड्यातच निघाली तर?

"मावशी, चल माघारी."

"कावून? मी काय चोर हाय?"

निकाल आला. बागेत मर करणारी बुरशी होती, रोपांच्या पिशवीतबी तीच. मावशीच्या वाड्यात नावालाबी न्हाई. निकालाचा कागद मी बाजारात ओरडून वाचून दाखवला. काय गार वाटलं सांगू!

अर्जुनराव खाली मान घालून आला. "चुकलं माझं, साखराबाई. रोपंच रोगट होती. उद्यापासून कळप बसव."

मला वाटलं, मिटलं. मावशी म्हणाली, "न्हाई बसवणार. मॅडमनी सांगितलंय, ही बुरशी मातीसंगं खुराला चिकटून दुसऱ्याच्या रानात जाती. आधी तुमचं रान नीट करा. खोटा आळ मी सोसला न्हाई, अर्जुनराव. खरा तर येऊच देणार न्हाई."