जुलैची चेरी

लेल्या सेवदा रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन आधी चेरीच्या झाडाखाली जायची, मग पहिला घोट घ्यायची. पायात वारलेल्या नवऱ्याचे जुने रबरी बूट, अंगावर लोकरीचं जाकीट, मान वर. जानेवारीत फांद्यांवर बर्फाखेरीज काही नसायचं, तरी ती तेवढाच वेळ उभी राहायची. कॉफी गार व्हायची. ती गारच प्यायची. कुंपणापलीकडून एव्लोगी विचारायचा, "काय म्हणतंय झाड?"

"तुझ्यापेक्षा कमी बोलतं," ती म्हणायची.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लेल्या म्हणजे आत्या. पण गावातली सगळीच तिला लेल्या म्हणायची, एक एव्लोगी सोडून. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा. शिशाच्या खाणीत आयुष्य गेलेलं, गुडघे खाणीतच राहिलेले, बायको वासिल्का वारलेली. गावाच्या वरच्या टोकाला, जिथून ओसोगोवो डोंगराचा उतार सुरू होतो, तिथे या दोघांचीच घरं उघडी राहिली होती. बाकीच्या दारांना कुलपं.

आमच्याकडे चेरी मेच्या अखेरीला सुरू होते आणि जून संपायच्या आत उरकते. लेल्याची मुलगी इस्क्रा जर्मनीत राहायची, तिथल्याच माणसाशी लग्न केलेली. ती शाळेत शिकवायची, आणि तिथल्या शाळांना सुट्टी लागायची ती जुलैच्या मध्यावर. म्हणजे ती गावी पोचायची तेव्हा झाडांवर नुसती पानं. लेल्या तिच्यासाठी चेरीचा मुरंबा बरणीत घालून ठेवायची. एकदा इस्क्रा चमचा चाटत सहज म्हणाली, "मी चेरीच्या गावची आहे असं सगळ्यांना सांगते, आणि नवऱ्याला दाखवते काय, तर बरणी."

ती बोलून विसरली. लेल्या विसरली नाही. त्याच वर्षी पानं गळाल्यावर ती बसने क्युस्तेंदिल शहरात गेली आणि उशिरा पिकणाऱ्या चेरीचं कलम घेऊन आली. जुलैच्या मध्याला तयार होणारं फळ, जवळजवळ काळं, घट्ट, दातांखाली मोडतं. लेल्या तेव्हा एकसष्ट वर्षांची होती.

"या वयात चेरी?" एव्लोगी म्हणाला. "कांदा लाव. त्याच वर्षी हातात येतो."

"कांदा खायला जर्मनीहून कोण येतंय?"

तरी खड्डा त्यानेच खणला. वाकता येत नव्हतं म्हणून एका गुडघ्यावर बसून खणला, आणि मग उठायला तिचा हात धरला.

सहा वर्षं तिने ते झाड सांभाळलं. हिवाळ्यात बुंध्याला चुना, सशांपासून गोणपाट, फुलोऱ्यात थंडी उतरली तर ओल्या गवताचा धूर. औषध मात्र एकदाही मारलं नाही. नात फांदीवरून तोडून तशीच तोंडात टाकेल, हे तिच्या मनात पक्कं होतं.

सहाव्या वर्षी जुलैत झाड भरलं. इस्क्रा आली, बरोबर तिची मुलगी लेआ, सहा वर्षांची. लेल्याने खालची फांदी वाकवून तिच्या हाताशी आणली. लेआने एक चेरी तोडली, अर्धी चावली, उरलेली अर्धी डोळ्यांसमोर धरली. मग ती हातातल्या बशीच्या काठावर जपून ठेवली आणि आईला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" लेल्याने विचारलं.

"म्हणते, आत कोणीतरी राहतंय."

एव्लोगी कुंपणाला टेकून बघत होता. "सांग तिला, संत पीटरचा उपवास संपलाय. आता मांस चालतं."

आम्ही सगळे हसलो. लेल्या हसली नाही. तिने भांडंभर चेरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, अळ्या निघाल्या, चेरी पुन्हा धुतल्या, पुन्हा पुढे केल्या. लेआने मान हलवली. त्या अख्ख्या सुट्टीत तिने एकही खाल्ली नाही.

खालच्या आळीतल्या कोणीतरी लेल्याला सांगितलं की ही पीडा एव्लोगीच्या झाडाची. त्याच्याकडे कुंपणालगत एक जुनं चेरीचं झाड होतं. फिकट पिवळट-लाल फळाचं, चवीला बेताचं. गुडघ्यांमुळे तो शिडी चढत नव्हता. फळं जागेवर पिकायची आणि खाली पडून सडायची. अळ्या मातीत शिरायच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात माशा होऊन लेल्याच्या झाडावर यायच्या.

"फळं उतरव तुझी," लेल्या सांगायची.

"उतरवतो."

"कधी? अळ्यांना पंख फुटल्यावर?"

"माझ्याकडे एवढेच पाहुणे येतात सेवदा, त्यांनाही हाकलू?"

दोन उन्हाळे असे गेले. तिने स्वतः जाऊन त्याच्या झाडाखालचा सडा झाडला, कोंबड्या सोडल्या, पण वरच्या फांद्यांपर्यंत काठी पोचली नाही. दोन्ही वर्षी इस्क्रा आली, लेआ आली, आणि लेआ झाडाखाली फिरकली नाही. तिसऱ्या वर्षी लेल्या एव्लोगीशी तुटक बोलू लागली. सकाळी झाडाखाली जायची ती पाठ कुंपणाकडे करून.

त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी काय झालं ते मी पाहिलेलं आहे, कारण आम्ही सगळे लेल्याकडेच होतो. त्या दिवशी दिवेलागणीला, जेवायला बसण्याआधी, ज्या झाडाने नीट फळ दिलं नाही त्याच्यापुढे घरधनी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. विचारतो, फळ देतोस की तोडू? घरातलं दुसरं कोणीतरी झाडाच्या वतीने म्हणतं, नको तोडू, पुढच्या वर्षी देईल. असं तीनदा. मग कुऱ्हाड खाली ठेवायची आणि आत जाऊन घेवड्याची भाजी खायला बसायचं. एव्लोगीच्या घरी झाडाच्या वतीने वासिल्का बोलायची. ती गेल्यावर लेल्या कुंपणाशी येऊन बोलायची. दहा-अकरा वर्षं तरी असंच चाललं होतं.

त्या संध्याकाळी बर्फ भुरभुरत होता. एव्लोगीने टोपी मागे सरकवली, कुऱ्हाड उचलली आणि नेहमीच्या नाटकी आवाजात म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, चांगलं फळ देतोस की तोडू?"

लेल्या कुंपणाशी उभी होती. हात जाकिटाच्या खिशात. काही बोलली नाही.

त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. लेल्या झाडाकडे बघत राहिली. माझे वडील हळूच म्हणाले, "अगं बोल की." मीही बोलू शकले असते. पण ते वाक्य तिचं होतं, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिसऱ्यांदा त्याने झाडाला विचारलंच नाही. कुऱ्हाड खांद्यावर तशीच धरून तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बरं," आणि आत गेला. त्या रात्री तो आमच्याकडे जेवायला आला नाही. लेल्याने त्याचं ताट झाकून माझ्या हाती पाठवलं. त्याने दार उघडून ते घेतलं, आभार मानले.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्याने खालून दोन माणसं बोलावली आणि झाड तोडून घेतलं. लाकूड नीट फोडून भिंतीला रचलं. अर्धं लेल्याच्या अंगणात आणून टाकलं. "चेरीचं लाकूड छान जळतं," एवढंच म्हणाला. भांडण नाही, टोमणा नाही. तो टोमणा मारता तर लेल्याला सोपं गेलं असतं, असं ती पुढे एकदा मला म्हणाली.

एप्रिलच्या अखेरीला तिचं झाड पांढरं झालं. इतका फुलोरा त्याला कधी आला नव्हता. लेल्याने इस्क्राला फोनवर सांगितलं, यंदा लेआला म्हणावं, आत कोणी राहत नाही. पाकळ्या गळल्या. हिरवे मणी दिसले, वाटाण्याएवढे झाले, पिवळे पडले आणि मेच्या मध्यावर एका आठवड्यात सगळे खाली. लेल्याने थंडीला दोष दिला, मग पाण्याला. पुढच्या वर्षीही तसंच झालं तेव्हा ती एक फांदी कागदात गुंडाळून क्युस्तेंदिलला रोपवाटिकेत गेली. मी बरोबर होते.

तिथल्या बाईने फांदी हातात धरली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "जवळ दुसरी चेरी कोणती आहे?"

"कोणतीच नाही."

"मग फळ कसं धरेल? गोड चेरीला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या जातीचं झाड लागतं, बरोबरीने फुलणारं."

"खाली बागा आहेत की."

"त्या लवकरच्या जातीच्या. तुमचं झाड फुलतं तेव्हा त्यांच्या पाकळ्या जमिनीवर असतात. आधी धरत होतं म्हणता, म्हणजे शेजारी कोणाचं तरी असणार."

लेल्याने फांदी परत घेऊन कागदात गुंडाळली. मी विचारलं, अळीचं काय. बाई म्हणाली, उशिराच्या चेरीत अळी पडायचीच, शेजारचं झाड असो नसो. माशीला त्या दिवसांत दुसरीकडे फळच कुठे मिळतं?

परतीच्या बसमध्ये लेल्याने फांदी मांडीवर धरली होती. गाव आल्यावर ती तिने सीटवरच ठेवली.

पुढच्या वसंतात तिने बादलीचा उपाय केला. डोंगराच्या वरच्या अंगाला एका वस्तीत उशिरा फुलणारं झाड आहे असं कळलं होतं. तिथून फुललेल्या फांद्या आणल्या, पाण्याच्या बादलीत घातल्या आणि बादली झाडात उंच टांगली. तीन दिवस थंड पाऊस पडला, मधमाश्या बाहेरच पडल्या नाहीत. चौथ्या दिवशी थोडं ऊन आलं. तेवढ्या उन्हावर जुलैत एक बशीभर फळ झालं. इस्क्रा त्या वर्षी एकटीच आली. लेआ बारा वर्षांची झाली होती, पोहण्याच्या शिबिराला गेली होती. इस्क्राने खिडकीपाशी उभं राहून चेरी खाल्ल्या, बशीचा फोटो लेआला पाठवला. थोड्या वेळाने फोनवर उत्तर आलं.

"काय लिहिलंय तिने?" लेल्याने विचारलं.

"विचारते, कोणी राहतंय का."

इस्क्रा गेल्यावर लेल्याने ठरवलं. त्या शरद ऋतूत तिने एव्लोगीच्या झाडाच्या जातीचंच कलम शोधून आणलं. फिकट, बेताच्या चवीचं. रोपवाटिकेत कोपऱ्यात दोनच उरली होती. ते घेऊन ती कुंपण ओलांडून त्याच्या अंगणात गेली. एव्लोगी बाकावर मिरच्या ओवत बसला होता.

"हे तुझ्याकडे लावायचंय."

त्याने रोपाकडे पाहिलं. "पाच वर्षं लागतील फुलायला."

"माहीत आहे."

"तू किती वर्षांची?"

"तुझ्याहून लहान."

त्याने दोरा ओढून गाठ मारली. ती उभीच होती. मग ती म्हणाली, "त्या संध्याकाळी मी बोलायला हवं होतं."

"मी थांबलो होतो की," एव्लोगी म्हणाला. रागाने नाही. "बराच वेळ थांबलो होतो. हात भरून आला."

खड्डा या वेळी मी खणला. तो बाकावरून सांगत होता, ती रोप सरळ धरून होती. जुन्या झाडाच्या बुंध्यापासून चार पावलं दूर, कारण त्याच मातीत ते धरलं नसतं. त्या दोघांनी मिळून अंगणात काही करण्याची ती शेवटची वेळ. हिवाळ्यात एव्लोगी बर्फावर घसरला आणि मग घराबाहेर पडेनासा झाला. लेल्या दुपारी त्याच्याकडे सूप घेऊन जायची, संध्याकाळी चूल पेटवून यायची.

रोपाला दुसरी पालवी फुटली त्या वसंतात लेल्या गेली. झोपेतच, काही आजार नसताना. तिच्या झाडाला तेव्हा फुलं होती आणि शेजारचं रोप कमरेएवढं होतं. इस्क्रा आली ती एप्रिलमध्ये, लग्नानंतर पहिल्यांदा फुलोऱ्यात. झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या आणि आलेल्या माणसांच्या काळ्या कपड्यांवर पाकळ्या पडत होत्या. एव्लोगीला दोघांनी धरून आणलं. त्याला झाडाजवळच्या खुर्चीत बसवलं.

लेल्या गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याकडून निघाले होते. ती फाटकापर्यंत आली, कडी लावता लावता थांबली.

"उद्या येताना पाव आण," ती म्हणाली. "मऊ बघून आण, तो कडक नको. एव्लोगीला चावत नाही."