बांधाकडची माती

जुईनगरच्या गॅलरीत आज कुंडी बदलताना जुनी माती सुटली आणि तिचा ओला, कुजक्या पानांचा वास नाकात शिरला. खुरपी हातात तशीच राहिली. वीसेक वर्षांपूर्वीच्या तळवलीत, काकीच्या भातशेतात मी जाऊन पोचले.

तेव्हा मी मातीतल्या कार्बन-नायट्रोजनवर संशोधन करत होते. नमुने कसे घ्यायचे ते माझ्या सरांनीच शिकवलेलं. "बांधाजवळची माती कधी घ्यायची नाही. ती शेताबद्दल खोटं बोलते."

काकीचं शेत नापीक ठरलं, तर तिथे इमारतींसाठी भराव पडणार होता. तपासायला सर स्वतः आले म्हणून मी निर्धास्त होते. शेताच्या मधल्या काळ्याभोर मातीत कार्बन-नायट्रोजन किती छान साठलंय, हे माझ्याच नमुन्यांवरून त्यांना माहीत होतं.

सर शेतात उतरलेच नाहीत. बांधालगत कुणीतरी पाडलेल्या बांधकामाचं डेब्रिज टाकलं होतं, तिथलीच माती ते उकरायला लागले.

"सर, इथली?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाले, "लेबल लिही. शेताचा मध्य."

इतकी वर्षं त्यांची ती खाली घातलेली मान आठवून मी संतापायचे. आज काकी आठवली.

"तुझे सर आले, आता मना टेन्शन नाय," असं म्हणत ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती, आणि माती सांडू नये म्हणून पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरत होती.